लायसन नको, पेट्रोल नको. पण रात्री बॅटरी कुठे ठेवायची?

नायगाव म्हटले की आपल्या घरांत आधी सातारा जिल्ह्यातले नायगाव आठवते, सावित्रीबाईंचे जन्मगाव. हा लेख मात्र वसई तालुक्यातल्या नायगावसाठी आहे. भाईंदरची खाडी ओलांडली की लागणाऱ्या स्टेशनासाठी आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांसाठी. इथे घर स्टेशनापासून लांब, शेअर रिक्षाची रांग लांब आणि पावसात रस्ता त्याहून लांब. म्हणूनच ‘लायसन नको, पेट्रोल नको, आरटीओ नको’ अशी जाहिरात करणारी बॅटरीची छोटी स्कूटर आपल्या लोकांना मोहात पाडते. महिन्याच्या हप्त्यावर मिळते, मुलगा कॉलेजला नेईल, आई बाजारात नेईल, असा विचार घरोघरी चालू आहे. ही गाडी खरोखर आपल्या कामाची आहे का, आणि तिच्यापासून जिवाला काय धोका आहे, हे आम्ही या महिन्याच्या आरोग्य पानात सांगत आहोत.

गाजावाजा जुनाच आहे

नव्या गाडीने जग बदलेल असे म्हणण्याची ही पहिली वेळ नाही. डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत ‘सेगवे’ नावाची उभ्याने चालवायची दोन चाकांची यंत्रगाडी आली. आता शहरे या गाडीनुसार बांधावी लागतील, अशी तिची चर्चा होती. किंमत सुमारे ५ हजार डॉलर. सामान्य माणसाने ती घेतली नाही. २०२० मध्ये मुंबई पोलिसांकडे समुद्रकिनारी गस्तीसाठी अशाच स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या गाड्या आल्या. त्याच वर्षी मूळ सेगवेचे उत्पादन बंद झाले. तिच्या मागून मुलांसाठी ‘हॉवरबोर्ड’ आले. जुलै २०१६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सुमारे ५ लाख हॉवरबोर्ड परत मागवले, कारण त्यांच्या बॅटऱ्या पेट घेत होत्या.

बॅटरीची स्कूटर मात्र खेळणे नाही. ती खरे काम करते. म्हणूनच तिचा हिशेब नीट करायला हवा.

कायदा नेमके काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या दुचाकीच्या मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, ती दुचाकी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी आणि लायसन लागत नाही. पण त्या नमुन्याला सरकारमान्य चाचणी संस्थेची मंजुरी असावी लागते. पुण्याची ‘एआरएआय’ ही अशी एक संस्था.

खरी गडबड पुढे होते. काही विक्रेते आणि गॅरेजवाले वायर बदलून वेग ताशी ४०-५० पर्यंत नेतात. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांची तपासणी करण्याचे आदेश दिले होते. वेग वाढवला की ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि मग तिला नोंदणीही नसते, विमाही नसतो. अशा गाडीची धडक एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बसली तर भरपाई आपल्या खिशातून जाते. अशी गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदार ‘वेग वाढवून देतो’ म्हणाला तर तिथून उठावे.

पैशाचा हिशेब

आकडे आपापल्या घरचे घालावेत. आम्ही नमुना देतो.

समजा बॅटरी ४८ व्होल्ट, २८ अँपिअर-तासांची आहे. ४८ गुणिले २८ म्हणजे साधारण १३४४ वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटहून थोडे जास्त. चार्ज करताना काही वीज वाया जाते, म्हणून दीड युनिट धरा. युनिट १० रुपयांना पडले तर पूर्ण चार्जला १५ रुपये. त्यात खड्ड्यांच्या रस्त्यावर ४५ किलोमीटर मिळाले तर किलोमीटरला ३५ पैशांच्या आत खर्च. पेट्रोलच्या स्कूटरला हाच खर्च दोन रुपयांच्या वर जातो. इथपर्यंत जाहिरात खरी आहे.

आता फक्त स्टेशनपर्यंत जाणाऱ्याचे पाहू. घर दोन किलोमीटरवर, महिन्याला २६ दिवस काम. शेअर रिक्षाला एका वेळेचे २० रुपये धरले तर महिन्याला १०४० रुपये लागतात. स्कूटर घेतली तर वीज ४० रुपयांच्या आत, पण स्टेशनजवळ पार्किंगला रोज २० रुपये धरले तर ५२० रुपये. महिन्याला वाचले सुमारे ४८०. गाडी ६० हजारांची असेल तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ लागेल. हप्त्याचे व्याज वेगळे. तितक्या काळात बॅटरीच बदलावी लागेल. स्वस्त गाडीतली शिसे-आम्लाची बॅटरी तर वर्ष-दोन वर्षांत दमते.

आता दुसरे घर पाहू. डबे पोचवणारा, भाजी किंवा मासळी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी बाई, कुरिअरचे काम करणारा मुलगा. रोज ४० किलोमीटर पेट्रोलवर फिरत असेल तर महिन्याला हजार किलोमीटरच्या वर जातात, आणि बचत दोन हजारांच्या आसपास होते. तीच ६० हजारांची गाडी अडीच वर्षांत फिटते. अशा माणसाला ती खरोखर उपयोगी आहे, मात्र बॅटरी आणि गाडी दोन्ही तेवढे काम झेपणाऱ्या हव्यात.

शरीराचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे दमछाक न होता पण अंग गरम होईल इतकी हालचाल करावी. स्टेशनला पायी जायला २० मिनिटे आणि यायला २० मिनिटे लागत असतील तर पाच दिवसांत २०० मिनिटे होतात. म्हणजे व्यायामाचा कोटा कामावर जाता-येताच पुरा. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी हे चालणे सहज सोडू नये. धडधाकट माणसाने दोन किलोमीटरसाठी गाडी घेतली तर पैसेही जातात आणि पायांचे कामही जाते.

पण सगळ्यांना एकच माप लावता येणार नाही. गुडघे गेलेली आजी, दिवस गेलेली सून, रात्रपाळी करून उशिरा एकटी घरी येणारी मुलगी, यांना ‘चाला, तब्येतीला बरे’ असे सांगणे बरोबर नाही. ज्यांना अपंगत्व आहे त्यांनी दोन चाकांची गाडी घेण्याआधी केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेची चौकशी करावी. त्यातून पात्र व्यक्तींना मोटार बसवलेली तीनचाकी मिळते.

आणि ‘२५ चाच वेग आहे, हेल्मेट कशाला’ हे बोलणे बंद व्हायला हवे. ताशी २५ किलोमीटर वेगाने डोके कठड्यावर आपटणे म्हणजे सुमारे आठ फुटांवरून खाली पडणे. आपल्या घरातल्या पोटमाळ्यावरून डोक्यावर पडल्यासारखेच ते. आयएसआय खूण असलेले हेल्मेट घाला आणि पट्टा लावा. शिवाय या गाडीचा आवाज येत नाही. गल्लीत खेळणाऱ्या लहान मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना ती कळतच नाही. वस्तीत शिरताना वेग चालण्याइतकाच ठेवा आणि हॉर्न वाजवा. लायसन लागत नाही म्हणून बारा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देऊ नका.

सगळ्यांत मोठा प्रश्न: रात्रीचा

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत, म्हणजे आपल्या पुढच्याच स्टेशनाच्या गावात, एका घरात स्कूटरची बॅटरी रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती. घरचे झोपलेले होते. पहाटे तिचा स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात दगावला. बॅटरी जास्त तापली असावी, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या दुकानात आग लागली आणि वरच्या हॉटेलात धूर भरून आठ माणसे मेली.

हे का होते ते समजून घेऊ. लिथियम बॅटरीत अनेक छोटे सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन थरांच्या मधे एक पातळ पडदा असतो आणि आत पेट घेणारे द्रावण असते. मार लागला, चुकीचा चार्जर लावला, पाणी शिरले किंवा सेल मुळातच खराब असला तर तो पडदा फाटतो. आत उष्णता वाढते, वायू तयार होतो, सेल फुटतो आणि शेजारच्या सेलला पेटवतो. एकदा ही साखळी सुरू झाली की बटण बंद करून थांबत नाही. बादलीभर पाण्याने विझत नाही. धूर विषारी असतो.

मोकळ्या पार्किंगमध्ये हे झाले तर गाडी जळते. आपल्याकडे पार्किंग नाही आणि चोरीची भीती आहे, म्हणून माणसे बॅटरी काढून घरात आणतात. घर दहा बाय बाराचे, दार एकच, आणि प्लग नेमका दारापाशी. रात्री आग लागली तर बाहेर पडायची वाटच आगीत. गाडी तीच, पण धोका जागेप्रमाणे बदलतो. म्हणून आमचे सांगणे असे: गाडी घेण्याआधी तिची किंमत विचारू नका, बॅटरी कुठे चार्ज करणार ते आधी ठरवा. घराबाहेर, छपराखाली, माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर जागा नसेल तर ही गाडी आज आपल्यासाठी नाही.

एक गैरसमजही दूर करू. चार्जर फार वीज ओढत नाही. तीनशे-चारशे वॅट म्हणजे चार-पाच पंख्यांएवढीच. पण तो चार-पाच तास सलग चालतो. सैल प्लग, जुना एक्स्टेंशन बोर्ड आणि जोड दिलेली वायर तेवढ्या वेळात तापते. भिंतीतल्या चांगल्या सॉकेटलाच चार्जर लावा.

ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एवढे पाळावे:

• चार्जिंग दिवसा, कोणी जागे आणि घरी असताना. झोपताना कधीच नाही.
• गाडीसोबत आलेलाच चार्जर. बाजारातला ‘चालतोय’ असा चार्जर नाही.
• गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंग. पूर्ण झाले की प्लग काढा.
• गादी, कपडे, गॅस सिलिंडर आणि दार यांच्यापासून बॅटरी लांब.
• फुगलेली, पडलेली, गळणारी किंवा वास येणारी बॅटरी घरात आणू नका. गल्लीत उघडून दुरुस्त केलेली बॅटरी वापरू नका.
• घेताना एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाची बॅटरी आहे का ते विचारा आणि बिलावर बॅटरीचा क्रमांक लिहून घ्या. वसईच्या घटनेनंतर, डिसेंबर २०२२ पासून या मानकाचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले. लायसन न लागणाऱ्या गाडीच्या बॅटरीबद्दलही हा प्रश्न विचारायलाच हवा.

नायगावसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे खाडी, मिठागरे आणि पावसाळ्यात तुंबणारे पाणी आहे. खारे पाणी वीज सहज वाहून नेते आणि बॅटरीच्या आत गंज धरते. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात आलेल्या इयन वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या गाड्यांनी पाणी ओसरल्यावर पेट घेतला होता. आपली गाडी पाण्यात बुडाली तर वाळवून लगेच चार्जिंगला लावू नका. घरापासून दूर उघड्यावर ठेवा आणि अधिकृत मेकॅनिकला दाखवा.

आग लागलीच तर

बॅटरीतून फुसफुस आवाज, गोडसर उग्र वास किंवा धूर आला की सामान वाचवत बसू नका. मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या, शेजाऱ्यांना उठवा, शक्य असेल तर बाहेरचा मेन स्विच बंद करा. १०१ किंवा ११२ ला फोन करा.

कोणी भाजले तर त्या जागेवर २० मिनिटे थंड, वाहते पाणी सोडा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले स्वच्छ पाणी मगाने हळूहळू ओतत राहा. अंगठी, बांगड्या, करदोरा सूज येण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाका, बाकी अंग उबदार ठेवा आणि १०८ ला बोलवा. भाजलेले दिसत नसले तरी आवाज घोगरा झाला, खोकला लागला किंवा नाकात काजळी दिसली तर धूर आत गेला आहे असे समजून ताबडतोब रुग्णालय गाठा.

एकट्याने न सुटणारी गोष्ट

घरात जागा नाही हा एका कुटुंबाचा दोष नाही. वस्तीत पाच-सहा गाड्या असतील तर त्या घरांनी मिळून उघड्यावर, पत्र्याच्या छपराखाली, स्वतंत्र मीटरची चार्जिंगची जागा करता येईल. विहार समिती किंवा महिला मंडळाच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि वसई-विरार शहर महानगरपालिकेकडे अशा जागेसाठी सह्यांचा अर्ज द्यावा. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या बॅटरीचा प्रकार, चार्जर आणि चार्जिंगची सध्याची जागा कागदावर लिहून आणावी. किती बॅटऱ्या माणसांच्या उशाशी चार्ज होत आहेत, हे त्या एका कागदावरून सगळ्यांना कळेल. तोवर आज रात्री झोपण्यापूर्वी एवढे करा: प्लग काढा आणि बॅटरी दारातून हलवा.