घरातल्या भाषा आणि अकरावीचे फ्रेंच

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज समोर आला. इंग्रजी सक्तीचे होते. दुसऱ्या भाषेसाठी आमच्या लेकीने फ्रेंच निवडले. मराठी माध्यमात शिकलेली मुलगी. फ्रेंचचा एक शब्दही तिला ठाऊक नव्हता. "मैत्रिणी म्हणतात, फ्रेंचला मार्क भरपूर पडतात," एवढेच तिचे कारण. पुण्यात हे कारण घरोघरी ऐकू येते. आम्हीही फार विचार न करता सही केली.

पहिल्याच महिन्यात अडचण कळली. वर्गातली बरीच मुले आठवीपासून फ्रेंच शिकून आलेली होती. शिकवणे इंग्रजीतून. म्हणजे आमच्या लेकीला आधी इंग्रजी समजून घ्यायचे, मग त्यावरून फ्रेंच. पहिल्या चाचणीत २५ पैकी ७ गुण मिळाले. घरी येऊन दप्तर टाकले आणि म्हणाली, "अम्मी, मला विषय बदलून दे. हे आपल्यासारख्यांचे काम नाही."

गुणांपेक्षा त्या 'आपल्यासारख्यां'नी आम्हाला जास्त बोचले.

दादींनी ओळखलेले अक्षर

एके दिवशी मगरिबच्या नमाजनंतर ती 'मेर्सी' हा शब्द घोकत बसली होती. मेर्सी म्हणजे शुक्रिया. त्यातला र तिला जमत नव्हता. लहानपणी तिला अरबी कायदा शिकवणाऱ्या दादी शेजारीच तसबीह घेऊन बसल्या होत्या. थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, हा र कुठे आहे? हा तर ग़ैन आहे. घशातून काढ." तिने काढला आणि तो जमला. फ्रेंच र हुबेहूब ग़ैन नसला, तरी त्याच्या अगदी जवळचा आहे.

त्या संध्याकाळपासून आम्ही घरातच शोधू लागलो, आपल्याकडचे आणखी काय काय उपयोगी पडते. बरेच सापडले.

फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची कितीतरी अक्षरे लिहितात, पण वाचत नाहीत. 'पॅरिस' लिहितात तसे, म्हणतात मात्र 'पारी'. मुलांना हे विचित्र वाटते. पण 'क़ालू' या शब्दाच्या शेवटी लिहिलेला आणि उच्चारात न येणारा अलिफ आपल्या मुलांनी लहानपणीच पाहिलेला असतो. एरवी मुके असलेले अक्षर पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की बोलू लागते. 'ले' आणि 'आमी' एकत्र आले की 'लेज़ामी' होते. थांबले तर एक उच्चार, मिळवून वाचले तर दुसरा, हेही तिलावतीत आपण शिकतोच. नाकातले स्वर तर उर्दूच्या नून गुन्नाने आधीच अंगवळणी पाडलेले. 'माँ' म्हणणाऱ्या मुलीला 'बों' म्हणणे जड नाही.

लिंगाचेही तसेच. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला निर्जीव वस्तूला लिंग असते हेच पटत नाही. आपल्याला ते नवे नाही. मराठीत 'ते पुस्तक', उर्दूत किताब स्त्रीलिंगी, अरबीत किताब पुल्लिंगी आणि फ्रेंचमध्ये पुस्तक म्हणजे 'लिव्र' पुल्लिंगी. अरबीत सूर्य, म्हणजे शम्स, स्त्रीलिंगी आणि चंद्र, म्हणजे क़मर, पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये बरोबर उलट. तू आणि तुम्ही यांतला फरक 'त्यू' आणि 'वू' मध्ये जसाच्या तसा आहे. ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार विसा' म्हणतो आणि नव्वदला 'चार विसा दहा'. विसांच्या हिशेबाने मोजणारी माणसे आपल्याकडेही होऊन गेली.

शब्दांत तर घरचेच सामान निघाले. अरबी क़ुत्नपासून 'कोतों' म्हणजे कापूस, मख़ाज़िनपासून 'मागाज़ें' म्हणजे दुकान, सिफ़्रपासून 'शिफ्र' म्हणजे अंक. आपला साबण आणि त्यांचा 'सावों', आपली कमीज आणि त्यांची 'शमीज', आपला पाव आणि त्यांचा 'पँ' हे सगळे लांबचे नातेवाईक. अननस तर तिकडेही अननसच.

सगळेच सोपे आहे, असे मात्र नाही. ओठ ऊ म्हणताना असतात तसे आणि जीभ ई म्हणताना असते तशी ठेवून काढायचा एक स्वर आहे. तो मराठीत नाही, उर्दूत नाही, अरबीतही नाही. क्रियापदांची रूपे पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. तिथे रोजची मेहनतच हवी.

मार्क आले, भाषा आली का?

फ्रेंच घेऊन उत्तम गुण मिळवलेली, पण दोन वर्षांनी तीन वाक्येही बोलू न शकणारी मुले आम्ही पाहिली आहेत. अक्षर वाचता येणे आणि भाषा कळणे यांतला फरक आपल्याला कुणी सांगायला नको. कुरआन नाज़िरा वाचणारी, पण अर्थाकडे न वळलेली आपण कितीतरी माणसे आहोत.

म्हणून आम्ही विषय बदलला नाही, पद्धत बदलली. एक वही केली. पहिल्या रकान्यात फ्रेंच शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात उर्दू. इंग्रजीचा वळसा संपला. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे लेकीने दिवसभराचे फ्रेंचमध्ये सांगायचे आणि दादींना त्याचा अर्थ समजावायचा. वर्षाच्या शेवटच्या चाचणीत तिला १८ गुण मिळाले. वर्गात पहिली आली नाही, पण विषय बदलण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

एक अट मात्र आम्ही घातली. फ्रेंच घेतले म्हणून मराठी आणि उर्दू सुटता कामा नये. दर रविवारी मराठी वर्तमानपत्रातला एक लेख मोठ्याने वाचायचा आणि दादींपाशी बसून उर्दूचे एक पान लिहायचे. परक्या भाषेत जिने तिला हात दिला, ती घरची भाषाच जर विसरली, तर तो सौदा तोट्याचा.

पुढची वाट

बारावीनंतरही शिकायचे असेल, तर पुण्यात सोय आहे. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. अलियॉन्स फ्रान्सेज ही संस्थाही शहरात वर्ग चालवते. फ्रेंच सरकारमान्य 'डेल्फ' परीक्षेच्या ए१, ए२, बी१, बी२ अशा पायऱ्या आहेत. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ लागतात. म्हणजे न बोलता पास होता येत नाही. हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. फी आणि तारखा बदलत असतात, तेव्हा स्वतः जाऊन चौकशी करावी.

फ्रेंच ही एकट्या फ्रान्सची भाषा नव्हे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, सेनेगल या मुस्लिम देशांत शिक्षण आणि व्यापारात ती चालते. आपल्या दख्खनचेच डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह १९०८ मध्ये हैदराबादेत जन्मले. तेव्हा मराठवाडाही त्याच संस्थानात होता. पुढे ते पॅरिसला स्थायिक झाले आणि त्यांनी केलेले कुरआनचे फ्रेंच भाषांतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची मातृभाषा उर्दू होती. फ्रेंचसाठी ती त्यांना सोडावी लागली नाही.

प्रवेश-अर्जाचे दिवस दरवर्षी येतात. पालकहो, मुलाने फ्रेंच लिहिले तर घाबरू नका आणि केवळ मार्कांसाठी सहीही करू नका. आधी त्याला विचारा, "बोलायला शिकशील का?" तो 'हो' म्हणाला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याच्या शेजारी बसवा. आमच्या घरी दादी आता जेवण वाढल्यावर लेकीकडे बघतात आणि तिच्या आधी स्वतःच म्हणतात, "मेर्सी." ग़ैन अगदी घशातून.