एकूण आकडा ‘नॉर्मल’, तरी भागाकार करून पाहा

पांढुर्णा किंवा सौसरच्या प्रयोगशाळेतून ‘लिपिड प्रोफाइल’चा कागद घरी आला की बहुतेकांची नजर पहिल्याच ओळीवर थांबते. एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आत असले की कागद घडी घालून कपाटात जातो. त्याच कागदावर खाली असलेला ‘एचडीएल’चा आकडा मात्र कोणी वाचत नाही.

दोन माणसे डोळ्यांसमोर आणा. एकाचे एकूण कोलेस्टेरॉल १९०, एचडीएल ३२. दुसऱ्याचे एकूण २२०, एचडीएल ५५. घाबरतो तो दुसरा. आता एकूण आकड्याला एचडीएलने भागा: पहिल्याचे उत्तर जवळपास ६ येते, दुसऱ्याचे ४. हे गुणोत्तर जितके मोठे, तितका हृदयविकाराने मृत्यूचा धोका अधिक. सुमारे ९ लक्ष व्यक्तींच्या ६१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूबाबत हे गुणोत्तर एकट्या एकूण कोलेस्टेरॉलपेक्षा दुपटीहून अधिक माहिती देते, असे त्यात आढळले.

आपल्या भागात याचे महत्त्व विशेष आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत मध्य प्रदेश नव्हता. पण सीमेपलीकडचा महाराष्ट्र होता, आणि आपले ताट व सवयी तिकडच्याच. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक शंभरात १४ निघाले. एचडीएल कमी असलेले तब्बल ७२. म्हणजे केवळ पहिली ओळ वाचणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता इथे मोठी.

२००७ मध्येच नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी व सहकाऱ्यांचा शोधनिबंध अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांना सुमारे ५९ व्या, असे त्यात दिसले. ही सहा वर्षे म्हणजे अनेकदा घरातील कर्त्या माणसाची कमाईची वर्षे.

धूम्रपान, बैठे काम, पोटाचा घेर आणि वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट यांमुळे एचडीएल घटते. खर्राही निर्दोष नाही. तंबाखू चघळल्यानेही झटक्याचा धोका वाढतो.

मग औषधाने एचडीएल वाढवले की झाले? तसे नाही. ‘टॉर्सेट्रापिब’ या औषधाने एचडीएल भरपूर वाढले, गुणोत्तर सुधारले. पण ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाल्याने डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. गुणोत्तर धोका दाखवते, औषधाचे लक्ष्य ठरवत नाही. म्हणूनच डॉक्टर स्टॅटिन देऊन ‘एलडीएल’ उतरवतात. उलट बाजूही ध्यानात असावी: एकूण ३०० व एचडीएल ७५ असल्यास भागाकार ४ च येतो, पण तेवढ्यावरून निश्चिंत राहणे चुकीचे, कारण एलडीएल खूपच वाढलेले असू शकते. मधुमेह, रक्तदाब व वय यांचा हिशेब वेगळाच.

खेड्यातून पहाटेच्या गाडीने उपाशीपोटी येणाऱ्यांसाठी एक गोष्ट: एकूण कोलेस्टेरॉल व एचडीएल हे दोन आकडे जेवणाने फारसे बदलत नाहीत, बदलतात ती ट्रायग्लिसराइड्स. तेव्हा केवळ या गुणोत्तरासाठी उपाशी राहण्याची गरज नसते. कपाटातील जुना कागदही त्यासाठी पुरेसा आहे. तो घेऊन डॉक्टरांकडे जा.