स्लॅबच्या दिवशी वर कोण उभं असतं?

सुरतच्या पांडेसऱ्यात घर एकदा बांधून संपत नाही, ते पोरांबरोबर वाढतं. साठ-सत्तर वारांचा प्लॉट, तळमजल्यावर आपण, बाहेरून जिना काढून वर भाड्याच्या खोल्या. जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत काम करणाऱ्या ओडिया, युपीवाल्या आणि आपल्या खान्देशी पोरांना खोली लागतेच. एका मजल्याच्या भाड्यातून पुढच्या मजल्याची रेती-कपची येते. मीही शिरपूरकडचाच. साइट सुपरव्हायझर म्हणून अशा स्लॅबांवर उभं राहण्यातच उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कोणी म्हणालं, "लायसन्सवाला कशाला, आपला कडिया चांगला आहे," (कडिया म्हणजे गवंडी) की मी विचारतो, "चांगला आहे हे तपासलं कोणी?"

लायसन्सचा घोळ आधी सोडवू. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात काँक्रीटचं काम करणाऱ्या ठेकेदाराला त्याच कामाचा परवाना लागतो. आपल्याकडे सरकारी कामं घेणारे ठेकेदार वर्गवारीने नोंदलेले असतात, पण गल्लीतलं घर बांधणाऱ्याला ते कोणी विचारत नाही. तो कार्डावर जीएसटी नंबर छापतो आणि मालकाला तेच लायसन्स वाटतं. अहो, तो कर भरायचा नंबर आहे, स्लॅब भरायचा नव्हे.

घरासाठी नोंदणी लागते ती दुसऱ्या माणसांची. गुजरातच्या 2017च्या विकास नियमावलीप्रमाणे इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि साइटवर देखरेख करणारा क्लार्क ऑफ वर्क्स यांची नावं महापालिकेच्या कागदावर येतात. काम वाकडं गेलं तर जाब त्यांना द्यावा लागतो. म्हणून ठेकेदार असा धरा, जो या माणसांच्या हाताखाली काम करायला लेखी कबूल होईल. "सही फक्त नकाशा पास करायला घेऊ, काम आपल्या हिशोबाने करू," असं म्हणणाऱ्याचा चहा प्या आणि निघून या.

हे मी का म्हणतो ते स्लॅबच्या दिवशी कळतं. आमच्या गल्ल्यांत तयार काँक्रीटची गाडी शिरत नाही, म्हणून दाराशी मिक्सर आणि लिफ्ट लागते. सकाळी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. अकरा वाजले की ऊन तापतं, माल लवकर आवळायला लागतो आणि वरून हाक येते, "भाऊ, माल कडक व्हई गया, पानी टाक ना जरा!" मिक्सरवाला पाइप सरळ ड्रममध्ये सोडतो. वरच्याचं फावडं हलकं चालतं, सगळे खूश. मालकही खूश, कारण माल सरसर पसरतोय आणि संध्याकाळच्या आत काम आटोपणार.

आता हिशोब पाहा. आरसीसीसाठी आयएस 456 या मानकाने कमीत कमी एम-20 दर्जा सांगितला आहे. साइटवर मापाने केलेल्या या मिश्रणात 50 किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त 30 लिटर पाणी. म्हणजे 20 लिटरच्या दीड बादल्या, आणि रेती ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. दोनाच्या वर बादल्या गेल्या की ताकद चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याने उतरते. वरून स्लॅब मात्र आरशासारखा गुळगुळीत! जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या राहतात. माल खरोखर पसरत नसेल तर त्यावर प्लास्टिसायझर आहे, व्हायब्रेटर आहे. पण ते मागवायला आणि पाइप बंद करायला सांगणारा माणूस तिथे हवा. ठेक्याचा दर चौरस फुटावर ठरलेला असताना कडिया ते का सांगेल?

तीच गत कव्हरची. स्लॅबच्या सळईखाली कमीत कमी 20 मिलीमीटर काँक्रीट राहायला हवं. त्यासाठी कव्हर ब्लॉक लावतात, पण घमेली घेऊन माणसं जाळीवर नाचतात, ब्लॉक निसटतात आणि सळई प्लायला टेकते. सुरतच्या दमट, खाऱ्या हवेत ती सळई काही वर्षांत फुगते आणि छताचे पोपडे पडतात. भाडेकरू म्हणतो "गळतंय", मालक वरून वॉटरप्रूफिंग करतो, दुखणं आतच राहतं.

मग आखाजी येते, म्हणजे खान्देशातली अक्षय्य तृतीया. सण ऐन उन्हाळ्यात, मजुरांना गावी जायची घाई. स्लॅब भरून टोळी सुरत-भुसावळच्या गाडीत बसते आणि पाणी मारायचं काम घरच्या बाईवर पडतं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, राख मिसळलेल्या पीपीसीला 10, आणि कोरड्या कडक उन्हात त्याहूनही जास्त दिवस स्लॅब ओला ठेवायचा असतो. त्यात टेके. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला स्लॅबखालचे टेके 7 दिवस, बीमखाली लांबीप्रमाणे 14 ते 21. सेंटिंगवाल्याला त्याच फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, तो पाचव्या दिवशीच दारात. त्याला परत पाठवायला कागद लागतो, नुसत्या विनवणीने तो जात नाही. ठेक्यात हे दिवस आणि घनांची चाचणी लिहून घ्या. स्लॅबच्या वेळी 15 सेंटीमीटरचे घन भरायचे आणि ते 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून बघायचे. टाइल्सच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे.

इमारत पडते ही काही ऐकीव गोष्ट नाही. 6 जुलै 2024 रोजी आमच्याच बाजूला, सचिनच्या पाली गावात, भाडेकरूंची बहुमजली इमारत कोसळून 7 माणसं गेली. बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. मुंब्र्याजवळ शिळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत पडली, 74 माणसं गेली. तिच्यात राहणारे बरेचसे तिथलेच मजूर आणि त्यांची बायकापोरं होती.

आमच्याकडची खरी भीती वाढीव मजल्याची. एका मजल्याच्या हिशोबाने भरलेल्या पायावर तिसरा चढतो. खाली काळी चिकण माती, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. गच्चीवर 'पुढे लागतील' म्हणून सोडलेल्या सळया आठ-दहा पावसाळे गंजतात आणि त्यांनाच नवीन कॉलम जोडतात. मग 2022 साली इम्पॅक्ट फीचा कायदा आला आणि फी भरून बांधकाम नियमित झालं की घर पक्कं झालं असं लोकांना वाटायला लागलं. त्या पावतीने पाया एक इंचही रुंद होत नाही.

वर मजला घ्यायचा असेल तर आधी नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तो एका कोपऱ्यात खड्डा खणून फुटिंगची लांबी-रुंदी मोजेल, कॉलमवर हॅमरची चाचणी घेईल, जुना नकाशा मागेल. उत्तर 'नाही' आलं तर ठेकेदार बदलून तेच पुन्हा विचारू नका. वर पत्र्याची शेड घाला. भाडं कमी मिळेल, पण खोली निघेल.