सशाला उद्योग द्या!

घरात नवा ससा आला की पहिले चार दिवस मोठ्या कौतुकात जातात. त्यानंतर एके सकाळी भूगोलाच्या पुस्तकाचा कोपरा नाहीसा झालेला असतो. आजीच्या गोधडीला भोक पडते. मोबाईलच्या चार्जरच्या वायरचे दोन तुकडे होतात. धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या माळवदाच्या घरात तर मातीच्या भिंतीच्या पायथ्याशी ओंजळभर माती उकरलेली सापडते. मग घरातली मोठी माणसे म्हणतात, "याला पिंजऱ्यात कोंडा, नाहीतर देऊन टाका कुणाला तरी!"

ससा हे सारे खोडीने करतो का? मुळीच नाही. कुरतडणे आणि उकरणे ही त्याच्या शरीराची गरज आहे. ही गरज नीट समजून घेतली, तर पुस्तकेही वाचतील आणि ससाही सुखात राहील. कसे ते पाहू.

दोन निरनिराळे ससे

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्या माळरानावर, करडईच्या किंवा हरभऱ्याच्या रानात पायाजवळून उसळी मारून पळणारा भुरकट ससा आणि घरात पाळलेला पांढरा ससा हे एकाच जातीचे नाहीत. रानातला ससा 'लेपस नायग्रिकोलिस' या जातीचा. तो बीळ खणत नाही, गवतातल्या उथळ खळग्यात बसतो. त्याची पिले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव ससा 'ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस' या जातीचा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सच्या भागातले, जमिनीत लांबलचक बिळे खणून टोळीने राहणारे. त्याची पिले बिळात जन्मतात, तीही उघडी-नागडी आणि डोळे मिटलेली.

रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. सुगीच्या वेळी शेतात त्याचे पिलू एकटे दिसले, तरी ते पोरके आहे असे समजून घरी आणू नका. सशाची मादी पिलांना पाजण्यापुरतीच थोडा वेळ त्यांच्याजवळ येते. एरवी ती मुद्दाम दूर राहते. यापुढे आपण बोलणार आहोत ते फक्त पाळीव सशाबद्दल.

न थांबणारे दात

सशाला एकूण २८ दात असतात. त्यांपैकी पटाशीचे सहा. खाली दोन, वर दोन आणि वरच्या दोन दातांच्या मागे दडलेले आणखी दोन बारीक दात. उंदीर-खारींना हे मागचे दात नसतात. म्हणूनच पूर्वी कृंतक प्राण्यांत घातलेल्या सशांना १९१२ साली 'लॅगोमॉर्फा' या स्वतंत्र गणात स्थान मिळाले.

आपला पक्का दात एकदा आला की वाढत नाही. सशाचे सगळेच दात मात्र जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर वाढतात. वर्षाचे ५२ आठवडे धरून गुणाकार करून पाहा. दहा सेंटिमीटरच्या वर गेला ना आकडा? हे दात झिजले नाहीत तर ते वाकडे वाढतात, ओठांत आणि हिरड्यांत रुततात आणि सशाला खाणे अशक्य होते.

दात झिजवण्याचे मुख्य काम गवत करते. गवताच्या पात्यात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. पाते चघळताना ते कानशीप्रमाणे दाढा घासतात. याच गवतातल्या तंतूंमुळे सशाचे आतडे चालू राहते. ज्याला दिवसभर चघळायला गवत मिळत नाही, तो ससा दिसेल ते चघळू लागतो. त्यातून सशाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. चोहीकडचा शत्रू त्यांना दिसतो, पण नाकासमोरची वस्तू नीट दिसत नाही. तेव्हा समोरची वस्तू काय आहे, हे तो नाकाने, मिशांनी, ओठांनी आणि शेवटी दातांनी तपासतो. पुस्तक हे त्याच्या दृष्टीने तपासण्याची आणखी एक वस्तू, इतकेच.

कुंपण पुरेसे नाही

उकरण्याची ओढ किती प्रबळ असते, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले आहे. १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी काही ससे व्हिक्टोरिया प्रांतात सोडले. पुढच्या काही दशकांत त्यांच्या वंशजांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. त्यांना अडवण्यासाठी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात तारेच्या जाळीचे सुमारे १,८०० किलोमीटर लांबीचे कुंपण उभारले गेले. सशांनी खालून उकरू नये म्हणून जाळीचा खालचा भाग जमिनीत पुरला होता. पण कुंपण पुरे होईपर्यंत ससे त्याच्या पलीकडे पोहोचले होते!

घरातही तोच धडा लागू पडतो. नुसती अडवणूक पुरत नाही. अडवणुकीबरोबर सशाला त्याच्या आवडीचे काम द्यावे लागते.

आधी जिवाचा धोका टाळा

सर्वांत मोठा धोका विजेच्या वायरचा. घरातली वीज २३० व्होल्टची. चालू वायर दातांत आली तर ससा दगावतो आणि आगही लागू शकते. म्हणून ससा मोकळा असेल त्या खोलीतल्या वायरी उंचावर न्या आणि न लागणारे प्लग काढून ठेवा. खाली राहणाऱ्या वायरीवर वायरिंगची जाड प्लास्टिक नळी चढवा. शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळीला उभा छेद देऊनही ती वायरीवर चढवता येते. पण पातळ नळी ससा कुरतडू शकतो, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

दुसरा धोका पोटात जाणाऱ्या वस्तूंचा. सशाला उलटी करता येत नाही. गोधडीचे धागे, प्लास्टिक, रबर पोटात गेले तर ते आतड्यात अडकतात. कण्हेर, रुई, धोतरा आणि घाणेरी या विषारी वनस्पती त्याच्या वाटेत नकोत. कोवळी ज्वारीही देऊ नका. तिच्या पानांतून प्रुसिक आम्ल हे विष तयार होते, आणि त्याने गुरेही दगावतात, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच.

आता उद्योग

चघळण्यासाठी : वाळके गवत दिवसरात्र समोर असू द्या. वाळलेल्या कडब्याची पानेही चालतील, मात्र त्यांवर काळी बुरशी नको. कुरतडायला तुतीच्या काड्या किंवा बांबूचा तुकडा द्या. रंग वा व्हार्निश लावलेले लाकूड नको.

उकरण्यासाठी : एका खोक्यात चाळलेली कोरडी माती भरा आणि तिच्यात कोथिंबिरीच्या काड्या पुरून ठेवा. भिंत उकरणारा ससा हळूहळू या खोक्याकडे वळतो.

शोधण्यासाठी : खाणे एकाच भांड्यात न देता थोडे पुठ्ठ्याच्या नळीत, थोडे कागदाच्या चुरगळ्यात, थोडे कोपऱ्यात ठेवा. रानटी सशाचे दिवसातले कित्येक तास चरण्यात जातात. घरातल्या सशाचे खाणे पाच मिनिटांत संपले तर उरलेल्या वेळात त्याने करावे काय?

लपण्यासाठी : दोन बाजूंनी उघडे असे पुठ्ठ्याचे खोके किंवा आडवे ठेवलेले मोठे मडके द्या. त्यालाच तो बीळ मानतो.

ससा पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक चपळ असतो, म्हणून त्याला मोकळे सोडायचे तेव्हाच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे ३० अंशांच्या वरची हवा त्याला जड जाते. दुपारी त्याला शहाबादी फरशीच्या थंड खोलीत, भरपूर पाणी ठेवून शांत बसू द्या. ससा बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या.

आणखी एक सांगायचे. सशाला मारू नका आणि कान धरून उचलू नका. त्याचे मागचे पाय बळकट आणि हाडे हलकी. धडपडीत पाठीचा कणा मोडू शकतो. मार खाल्लेला ससा कुरतडणे सोडत नाही, तुमच्याजवळ येणे मात्र सोडतो.

करून पाहा

वाळके गवत, तुतीची काडी, पुठ्ठा आणि मातीचे खोके या चार गोष्टी खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवा. रोज संध्याकाळी अर्धा तास, दर पाच मिनिटांनी, ससा कोणत्या वस्तूजवळ आहे याची वहीत नोंद करा. वस्तूंचे कोपरे रोज बदला, नाहीतर सशाला वस्तू आवडते की कोपरा, हे कळणार नाही. आठ दिवसांनी बेरीज करा. नंतर चार दिवस मातीचे खोके काढून घ्या आणि त्याचे लक्ष कशाकडे वळते तेही टिपा. प्रयोगासाठी सशाला उपाशी मात्र ठेवू नका. वर्गात दोघातिघांकडे ससे असतील तर शिक्षकांच्या मदतीने नोंदी ताडून पाहा. सगळ्यांच्या सशांची आवड एकसारखी निघते का?

एवढे केल्यावर भूगोलाचे पुस्तक मात्र फळीवरच ठेवा. कितीही उद्योग दिला, तरी ससा अखेर ससाच आहे!