आप्पांचा हॅक्सॉ आणि माझा बँडसॉ

आमच्या बेळगावात उद्यमबागेच्या आसपास एखाद्या घराच्या परसात लेथ दिसला, तर कुणाला नवल वाटत नाही. फाउंड्री आणि मशीनकाम यांवर कितीतरी घरं चालतात. आमच्या मागच्या शेडमध्येही एक लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि कोपऱ्यात आप्पांचा पॉवर हॅक्सॉ. बारावीचा सगळा अभ्यास मी त्याच्या खर्र-खर्र तालावर केलाय. आवाज थांबला की उलट लक्ष उडायचं.

दोन वर्षांपूर्वी मी शेडमध्ये लक्ष घालू लागलो आणि पहिला वाद याच मशीनवरून झाला. पॉवर हॅक्सॉ म्हणजे हातकरवतच, मोटारीवर चालणारी. कमान पुढं-मागं जाते, पण कापते एकाच दिशेनं. परतताना पातं किंचित उचललं जातं, म्हणजे अर्धी फेरी वायाच. बँडसॉचं पातं म्हणजे टोकाला टोक जोडलेलं कडं. ते दोन चाकांवरून एकाच दिशेनं फिरत राहतं आणि न थांबता कापतं. शिवाय ते पातळ असतं.

हा पातळपणा मी आप्पांना जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडून दाखवला. 50 मिलिमीटर जाडीचा, 3 मीटरचा राउंड बार. त्यातून 40 मिलिमीटरचे तुकडे काढायचे. हॅक्सॉच्या कापात 3 मिलिमीटर जातात धरले, तर 69 तुकडे होतात. बँडसॉच्या कापात दीड धरले तर 72. एका बारमागं तीन तुकडे, म्हणजे पावणेदोन किलोच्या वर लोखंड, नुसतं भुसा होण्यापासून वाचतं.

आप्पांनी आकडे दोनदा तपासले. "घे की. पण माझं मशीन एवढ्यात काढायचं नाही."

आईला मात्र शेडमध्ये पाय ठेवायला जागा हवी होती. हॅक्सॉ बाहेर पत्र्याखाली गेला. मी भंगारवाल्याला भावही विचारून ठेवला.

मग पहिली मोठी ऑर्डर आली. पिनांचे तुकडे, तयार माप 38, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर जास्त ठेवलेला. मी घाईत होतो. नवं पातं सुरुवातीला हलक्या दाबानं चालवायचं असतं, ते मी केलं नाही. पात्याला धरणारे गाइड जॉबच्या जवळ सरकवले नाहीत, ताणही कमी होता, आणि वर दाब वाढवला. पातं हळूहळू एका बाजूला ओढलं गेलं. काप दोन मिलिमीटर तिरका, आणि हे मला 18 तुकडे झाल्यावर लेथवर कळलं. सगळे भंगारात. माल दुसऱ्या दिवशी दुपारी द्यायचा होता.

आप्पा एक शब्द बोलले नाहीत. पत्र्याखालच्या हॅक्सॉला वायर जोडली, वाईसमध्ये बार आवळला आणि पातं अलगद टेकवून मशीन चालू केलं. रात्री दीडपर्यंत ते कापत होते, मी लेथवर. मला त्यांच्याकडं बघायची लाज वाटत होती. चहा देताना आईच म्हणाली, "आता ते मशीन विकतोस होय रे?"

विकलं नाही. पण बँडसॉही चूक नव्हता. एकसारखे तुकडे काढायचे असले की आज तोच चालतो. गाइड आणि ताण आधी आप्पा बघतात, मग मी. जुन्या शाफ्टचा तुकडा, वेल्डिंग केलेली फ्रेम, ज्याचा कडकपणा ठाऊक नाही असं काहीही मात्र हॅक्सॉवर. तिथं पातं मोडलं तर स्वस्तातलं दुसरं चढवायचं, दहा मिनिटांचं काम. बँडसॉचं कडं तुटलं तर खिशाला चांगलाच चिमटा बसतो. पातळ पाइपला मात्र दोन्हीकडं बारीक दातांचंच पातं लागतं, एकावेळी निदान तीन दात धातूवर टेकले पाहिजेत. नाहीतर दात तुटलेच समजा.

हातमोजे घालून यातल्या कुठल्याही मशीनजवळ जाऊ नका. आणि बँडसॉचं नवं पातं गुंडाळी करून येतं, ते सोडताना तोंड लांब ठेवा. माझ्या मनगटावर खूण आहे.

भंगारवाला परवा पुन्हा येऊन गेला. आप्पा हॅक्सॉला तेल घालत होते. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाले. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते.