वडिलांचा कॅमेरा टाकण्याआधी

वडिलांनी मुंबईहून आणलेला आगफा क्लिक थ्री परवा आमच्या अश्दोदच्या घरात कपाट आवरताना सापडला. मुलगा म्हणाला, "टाकून दे, आई." (आजकाल सगळ्यांना घाई!) तेवढ्यात कॅमेऱ्याच्या मागच्या लाल काचेत 7 आकडा दिसला. म्हणजे 12 फोटोंचा रोल अजून आतच! झाकण उघडलं असतं तर उजेडाने सगळं गेलं असतं. म्हणून आधी आकडे संपून रोल पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत चावी फिरवा, अंधारात काढा, काळ्या कागदात बांधून धुवायला द्या. आमचे चारच फोटो आले, तेही धुरकट. एकात आई, अलिबागच्या घराच्या ओटीवर. कॅमेरा आता नातीकडे. 120 चा रोल अजून मिळतो. चामड्याची पिशवी मात्र टाकली. ती ओल धरते, मग भिंगाला बुरशी लागते.