दूध आणि संत्रे : वैर कोठे, मैत्री कोठे?

हिवाळ्याच्या तोंडाशी बाजारात नागपुरी संत्र्यांचे ढीग लागतात. आंबिया बहाराचे फळ ओसरते, तोच फेब्रुवारी-मार्चकडे मृग बहाराचे येते. जालना, छत्रपती संभाजीनगर भागातली मोसंबीही हातगाड्यांवर दिसत असते. या दिवसांत दवाखान्यात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, मुलगा नुसते दूध पीत नाही. त्यात संत्र्याचा रस घालून दिला तर चालेल का?" प्रश्न आईचा असतो. शेजारी बसलेली आजी मात्र लगेच म्हणते, "दुधात आंबट? पोटात विष होईल!"

आई आणि आजी दोघींच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. संत्र्याचे सायीसारखे दाट, थंड पेय घरी उत्तम होते आणि बहुतेकांना ते मानवते. पण ते कसे करावे, कोणी घ्यावे आणि कोणत्या गोळीबरोबर घेऊ नये, हे समजून घेतले पाहिजे.

दूध फाटते म्हणजे काय?

पनीर करताना आपण तापलेल्या दुधात लिंबू पिळतो. क्षणात पांढरे गोळे वर येतात आणि हिरवट पाणी वेगळे होते. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के भाग केसीन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याचे अतिसूक्ष्म कण दुधात तरंगत असतात. प्रत्येक कणावर एकाच जातीचा विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. आंबट पदार्थ पडला की हा भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात आणि दूध फाटते.

आंबटपणा मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. आकडा जितका लहान, तितका पदार्थ आंबट. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. तो ४.६ पर्यंत उतरला की केसीन साकळते. संत्र्याच्या रसाचा सामू साधारण ३.५ ते ४, तर लिंबाचा २ ते २.५ असतो. म्हणून लिंबाने दूध ताबडतोब फाटते आणि गोड संत्र्याने जरा उशिरा. दूध गरम असेल तर हे झपाट्याने होते. दोन्ही अगदी थंड असतील तर फार सावकाश होते. आपल्या पेयाची सारी किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे.

मग पोटात विष होते का? नाही. आपल्या जठरातील आम्ल संत्र्यापेक्षा कितीतरी तीव्र असते. नुसते दूध प्यायले तरी पोटात गेल्यावर त्याचे दह्यासारखे गोळे होतातच आणि मग ते पचते. दही, पनीर, बंगाली मिठाईचा छेना हे सारे साकळलेले दूधच आहे. मात्र काही न घालता, तापवताना आपोआप फाटलेले दूध ही वेगळी गोष्ट आहे. ते जंतूंच्या वाढीने नासलेले असते. असे दूध पेयात वापरू नये.

आजीचे म्हणणे निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. चरकसंहितेत दूध आणि आंबट फळे यांचा संयोग विरुद्ध आहारात सांगितला आहे. आधुनिक आहारशास्त्राला त्यात विषारी असे काही आढळत नाही. तरीही ज्या घरात हा नियम पाळतात त्यांनी तो मोडावा असा माझा आग्रह नाही. त्यांच्यासाठी खाली नारळाच्या दुधाची कृती दिली आहे. तसेच एखाद्याला असे पेय घेतल्यावर पोट फुगणे, मळमळ असा त्रास होत असेल, तर त्याने ते टाळावे हेच शहाणपणाचे.

अशी पेये परदेशातही जुनी आहेत. १९२६ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे ज्युलियस फ्रीड यांनी संत्र्याच्या रसाचे दुकान काढले. त्यांच्या ओळखीच्या हॅमलिन नावाच्या गृहस्थांना नुसत्या आंबट रसाने पोटात त्रास होई, म्हणून त्यांनी त्याचे मऊ, फेसाळ पेय बनवले, अशी हकीकत सांगतात. पुढे घरोघरी त्याच्या नकला झाल्या. त्यांतील काहींत कच्चे अंडे घालतात. ते आपण करू नये. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. अंड्याशिवायही फेस छान येतो.

कृती पहिली : दह्याची (सर्वांत सोपी)

हिला फ्रिज असलाच पाहिजे असे नाही. दही आधीच विरजलेले असते, ते पुन्हा काय फाटणार?

दोन पेल्यांसाठी एक वाटी ताजे, गोड, सायीचे दही मलमलच्या फडक्यात तासभर टांगून ठेवावे. श्रीखंडाच्या चक्क्याइतके घट्ट करू नये. चार मध्यम संत्र्यांचा रस काढावा. तो साधारण एक पेला निघतो. दह्यात चहाचे चार सपाट चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड घालून रवीने घुसळावे. मग थोडा थोडा रस घालत पुन्हा घुसळावे. हवे तर माठातले थंड पाणी घालून सारखे करावे. दही आंबट असेल तर साखर वाढवत बसू नये, दुसरे दही घ्यावे.

कृती दुसरी : दुधाची

दूध उकळून, निववून, सायीसकट फ्रिजमध्ये तीन-चार तास ठेवावे. रसही गार करावा. एक पेला दुधाला अर्धा पेलाच रस घ्यावा. दुधात आधी साखर आणि दोन चमचे दुधाची भुकटी विरघळवून घ्यावी. भुकटीने दाटपणा येतो. मग दूध घुसळत असताना रसाची बारीक धार सोडावी. रसात दूध ओतू नये. तसे केल्यास दुधाच्या पहिल्या थेंबांना सगळा आंबटपणा एकदम भेटतो आणि कण धरतात. तयार झाल्यावर दहा मिनिटांत पिऊन टाकावे. लिंबू या कृतीत घालू नये.

कृती तिसरी : नारळाच्या दुधाची

कोकणात आमसुलाचे आगळ आणि नारळाचे दूध एकत्र करून सोलकढी करतात. तीही आंबट असते, पण गरम केली नाही तर छान राहते. त्याच धर्तीवर अर्धा पेला नारळाचे दाट दूध, अर्धा पेला संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस, किंचित मीठ आणि चमचाभर गूळ एकत्र करावे. हे पेय नेहमी थंडच ठेवावे. नारळात स्निग्धांश भरपूर असतो, पण दुधाइतकी प्रथिने आणि कॅल्शियम त्यात नसते, हे ध्यानात असू द्यावे.

भगिनींसाठी काही बारकावे

रस काढताना बिया आणि फोडीवरचा पांढरा पापुद्रा भरडला जाऊ देऊ नये. त्यांतील लिमोनिन नावाच्या द्रव्याने रस कडू होतो. काढून ठेवलेला रसही काही वेळाने याच कारणाने कडवट लागतो. फळ सोलण्यापूर्वी धुऊन घ्यावे, कारण सालीवरची घाण हातांवाटे रसात उतरते. तांब्याचे किंवा कल्हई उडालेले पितळेचे भांडे वापरू नये. आंबट रस तांबे विरघळवतो आणि उलट्यांचा त्रास होतो. स्टील, काच किंवा चिनी मातीचे भांडे चांगले. बाजारातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे कळत नाही, म्हणून तो टाळावा. पिशवीतले असो वा गवळ्याचे, दूध उकळल्याशिवाय वापरू नये.

यातून मिळते काय?

दह्याच्या कृतीतील एका पेल्यात अर्धा पेला रस असतो. त्यातून क जीवनसत्त्व चांगले मिळते. प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते. दह्यादुधातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते. तापातून उठलेला माणूस, तोंडाची चव गेलेले वृद्ध, जेवणाला कंटाळलेली मुले यांना जेवणांच्या मधल्या वेळेत अर्धा पेला द्यावा. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण मोसंबी नेतो. नुसत्या रसात साखर आणि पाणीच जास्त असते. त्याला दह्याची जोड दिली तर अशक्त माणसाच्या पोटात थोडे अन्नही जाते.

साखरेचा हिशोब मात्र करावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले की वरून घातलेली साखर आणि रसातली साखर मिळून दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आपल्या एका पेल्यातल्या रसात आठ-नऊ ग्रॅम आणि वरून घातलेली आठ-दहा ग्रॅम असते. म्हणजे एका पेल्यातच बराचसा वाटा संपतो. म्हणून दिवसाला एकच पेला, तोही जमेल तितक्या कमी साखरेचा घ्यावा.

गोळ्या घेणाऱ्यांनी सांभाळा

आजच्या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या मिळतात. "शक्ती येईल" म्हणून घरचे लोक ती गोळी दुधाबरोबर देतात. दुधातील कॅल्शियम लोहाला आतड्यातून रक्तात जाऊ देत नाही, आणि संत्र्यातील क जीवनसत्त्व नेमके उलट करते, लोह शोषायला मदत करते. तेव्हा लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा नुसत्या संत्र्याच्या रसाबरोबर घ्यावी. दूध-दह्याचे पेय त्यानंतर निदान दोन तासांनी घ्यावे. ही गोळी चहाबरोबरही घेऊ नये.

टेट्रासायक्लीन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही जंतुनाशके आणि थायरॉइडची गोळी यांचेही दुधाशी पटत नाही. किती अंतर ठेवायचे ते आपल्या डॉक्टरांना विचारावे. संत्र्याऐवजी पपनस वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या जातीच्या फळांतील काही द्रव्यांमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

कोणी घेऊ नये?

१. मधुमेहींनी रस काढण्याऐवजी संत्रे फोडी करून खावे आणि दह्याची वाटी वेगळी घ्यावी. चोथ्यामुळे साखर सावकाश चढते.

२. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. संत्रे आणि दूध दोन्हींत पोटॅशियम असते.

३. ज्यांना आम्लपित्ताने छातीत जळजळ होते त्यांनी रिकाम्या पोटी आणि झोपण्यापूर्वी घेऊ नये. दुधाने क्षणभर बरे वाटते, पण नंतर पोटात आम्ल पुन्हा पाझरते.

४. दूध पचत नाही अशांनी दुधाची कृती सोडून दह्याची करून पाहावी. दह्यात दुधातली साखर कमी असते, म्हणून अनेकांना ते सोसते.

५. एक वर्षाच्या आतील बाळाला हे पेय मुळीच देऊ नये.

६. जुलाब होत असताना गोड पेय देऊ नये, त्याने जुलाब वाढू शकतात. त्या वेळी जलसंजीवनीच हवी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा डोळे खोल गेले तर विलंब न लावता दवाखाना गाठावा.

वाचकहो, दूध आणि संत्रे यांचे वैर आहे ते गरम भांड्यात आणि लोहाच्या गोळीपाशी. थंड, स्वच्छ आणि ताजे असेल तर निरोगी माणसाने एक पेला आनंदाने घ्यावा. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दातांवर आंबट-गोड राहू देऊ नये. आणि घरात कोणी लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर ती गोळी कशाबरोबर घेतली जाते, हे आज रात्रीच विचारून घ्यावे.